भोंगा वाजते म्हणून भोंगाच काढून टाकला: पोरींच्या वसतिगृहाच्या संचालक मंडळाला एका बापाचं खुलं पत्र

मा. अध्यक्ष साहेब, सचिव साहेब, सगळे संचालक आणि गृहपाल मॅडम,

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव लिहीत नाही, तालुक्याचंही लिहीत नाही. तुमचं तुम्हाला समजलंच. पोरी तिथंच शिकून राहिल्या, त्यांना कोणी बोट दाखवू नये एवढंच. पण चिठ्ठी ऑफिसात देऊन गप बसलो असतो तर ती फाइलीत गेली असती, मागच्या दोन गेल्या तशी, म्हणून वसतिगृहातल्या आगीच्या भोंग्याबद्दल हे उघड लिहून राहिलो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. आयटीआय वायरमन ट्रेड, पंचवीस वर्षं झाली, विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी माझ्याकडे येतात. जळक्या तारेचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येते. हे यासाठी सांगितलं की पुढं जे लिहिलं ते ऐकीव नाही. आणि माझी पोरगी तुमच्याकडे अकरावी सायन्सला आहे, वरच्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत.

परवा पालक सभेला आलो. सभा सुरू व्हायला वेळ होता, पोरगी म्हणे बाबा खोली पाहून घ्या, गेलो. सवयीनं डोकं वर केलं. छतावर ती पांढरी वाटी असते ना, धूर दिसला की भोंगा वाजवणारी, स्मोक डिटेक्टर, तिला ब्रेडची रिकामी पिशवी घालून वरून रबर बसवलं होतं. बाजूच्या खोलीत तेच. मग मी मोजतच गेलो. वरच्या मजल्यावर ११ डिटेक्टर, त्यातल्या ७ ला पिशव्या, आणि २ तर असे की कंपनीतून येतांना धूळ बसू नये म्हणून जी प्लास्टिकची टोपी येते ती दोन वर्षांपासून काढलेलीच नाही. म्हणजे बसवला त्या दिवसापासून तो डिटेक्टर डोळे झाकून बसला आहे. खाली येऊन पॅनल पाहिलं, म्हणजे सगळे डिटेक्टर ज्याला जोडलेले असतात तो डबा, तर फॉल्टचा (बिघाडाचा) पिवळा लाइट चालू, झोन, म्हणजे इमारतीचे भाग, बंद करून ठेवलेले, आणि हूटरची, म्हणजे भोंग्याची वायर काढून तिला नीट टेप गुंडाळलेली. टेप मात्र चांगल्या क्वालिटीची होती, ते मानावं लागेल.

चौकीदार भाऊंना विचारलं. ते बिचारे सरळ बोलले, "काय करता भाऊ, रोज रातच्याले बोंबलते. पोट्ट्या खाली पयतात, थंडीत कुडकुडतात, मंग वरून सांगतलं का काढून टाक." कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

सभेत हा विषय काढला तर उत्तर मिळालं की "सिस्टीमच खराब निघाली, फॉल्स अलार्म देते, ठेकेदाराला कळवलं आहे." अध्यक्ष साहेब, खराब सिस्टीम वेगळी आणि फॉल्स अलार्म वेगळा. डिटेक्टर उगाच वाजत नाही. त्याला काहीतरी दिसते तेव्हाच वाजते. फक्त जे दिसते ते दरवेळी आग नसते. त्याला काय दिसलं हे शोधायला तुमच्यापैकी एकही जण शिडीवर चढला नाही, माझी तक्रार ही आहे.

तुमचे डिटेक्टर फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे उजेडावर चालणारे आहेत, मी खालून मॉडेल वाचलं. त्याच्या पोटात एक काळी डबी असते, अंधारी. एका बाजूनं छोटा एलईडी उजेड टाकते आणि उजेड पाहणारा सेन्सर मुद्दाम तिरका बसवलेला असते, म्हणजे सरळ उजेड त्याच्यावर पडतच नाही. धूर आत शिरला की धुराच्या कणांवरून उजेड इकडंतिकडं फाकते, थोडा सेन्सरवर पडते, आणि ठरलेल्या हद्दीच्या वर गेला की अलार्म. सकाळी दाराच्या फटीतून ऊन आलं की त्या पट्ट्यात धूळ चमकतांना दिसते ना, तोच प्रकार. आता त्या डबीला धूर कोणता आणि धूळ कोणती, वाफ कोणती आणि धुई, म्हणजे धुकं, कोणतं हे कसं कळणार? तिला चमकलेलं दिसलं की ती बोंबलणार.

आता तुमची इमारत पाहा. समोर रस्त्याचं काम दोन वर्षांपासून सुरू आहे. मागं वावर. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, हडंबा (मळणी यंत्र) लागला की अर्धा किलोमीटरपर्यंत भुस्सा उडते, कपडे वाळत टाकायची सोय राहत नाही. पुढं तूर, परत हडंबा. पलीकडं जिनिंग, कापसाचा तंतू हवेत. ही सगळी धूळ खिडकीतून आत येते आणि हळूहळू त्या डबीत बसते. एकदम अलार्म होत नाही, पण बसलेल्या धुळीवरून थोडा थोडा उजेड कायमचाच सेन्सरवर पडत राहते. ग्लास आधीच पाऊण भरलेला. मग डिसेंबरात पहाटे धुई पडली, खिडकी उघडी राहिली, की उरलेला पाव त्यानं भरते आणि तीन वाजता भोंगा. मॅडम, तुम्ही सभेत म्हणाल्या ना की "काहीच नसतं तरी पहाटेच वाजतं", त्यातलं निम्मं उत्तर इथं आहे. उरलेलं निम्मं बाथरूममध्ये. पहिल्या मजल्यावरचा डिटेक्टर बाथरूमच्या दारासमोर चार फुटावर बसवला आहे. पहाटे पोरी अंघोळीला लागतात, दार उघडलं की वाफेचा लोट सरळ त्याच्यावर. तिथं वाजणार नाही तर काय होईल.

आणि मेस. मेसचा तर मी काय सांगू! कढई, पन्नास-साठ जणींची भाजी, तेल तापलं की लाल मिरचीची फोडणी. आपल्याकडची फोडणी म्हणजे अख्खी आळी शिंकते. त्या कढईपासून सहा-सात फुटावर तुमच्या ठेकेदारानं स्मोक डिटेक्टर बसवला. ज्या माणसानं आयुष्यात एकदा तरी वरणाला फोडणी दिलेली पाहिली तो असं करणार नाही. स्वयंपाकाच्या जागी धुराचा नाही, उष्णतेचा डिटेक्टर बसवतात, हीट डिटेक्टर, साधारण ५७ अंशाला वाजणारा. त्याला फोडणीचं काही देणंघेणं नाही, जागा तापली तरच तो बोलते. घरातला साधा स्मोक अलार्मसुद्धा चुलीपासून, गॅसपासून निदान १० फूट लांब ठेवा असं सांगतात.

हे मी घरी करून पाहिलं आहे. मागच्या वर्षी बॅटरीवरचा एक छोटा अलार्म ऑनलाइन मागवला, दुकानात तारा-वार्निश असते म्हणून. आधी घरात लावून पाहू म्हटलं, तर स्वयंपाकघराच्या दारावर लावला, माझी अक्कल! पहिल्याच दिवशी बेसन भाजतांना वाजला, दुसऱ्या दिवशी भाकर करपली तेव्हा, तिसऱ्या दिवशी बायको म्हणे हे काढा नाहीतर स्वयंपाक तुम्ही करा. काढून आतल्या खोलीत लावला, तर अगरबत्तीनं नाही वाजला पण मच्छर अगरबत्ती बरोबर खाली ठेवली तर वाजला. पोरानं अंगाला मारायचा स्प्रे मारला, वाजला. मग बरेच महिने शांत. मग जानेवारीत एका रात्री दर मिनिटाला एकेक "टिक" करायला लागला, मी उठून पाहतो तर ना धूर ना काही. ती बॅटरी संपत आली होती. थंडीत बॅटरीचं व्होल्टेज खाली येते, म्हणून ही टिकटिक नेमकी पहाटे सुरू होते आणि ऊन चढलं की बंद, आणि माणूस म्हणते भूत आहे. नवीन बॅटरी टाकली, भूत गेलं. मग तो दुकानात लावला, पण उन्हाळ्यात तिथून काढावाच लागला, कारण त्या डब्यावर ३८ अंशापर्यंतच वापरा असं लिहिलं होतं आणि आमच्या टिनाखाली मे महिन्यात ३८ म्हणजे सकाळचा चहा.

बाकीची कारणं पटकन सांगतो. पावसाळ्यात चिलटं आणि बारके कोळी जाळीतून डबीत शिरतात, सेन्सरसमोर फिरले की अलार्म. पंख्याच्या पात्याजवळ डिटेक्टर बसवला की खोलीभरची धूळ त्याच्याकडे फेकली जाते, उलट खरा धूर त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी पंखाच उडवून लावते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. उंदरानं वायर कुरतडली, ओल धरली, जोड सैल झाला, की पॅनल ओरडते. आणि आपल्याकडची लाइन! गेली की पॅनलचा बझर, आली की व्होल्टेज उडी मारते तेव्हा परत बझर. पॅनलमधल्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या, तीन-चार वर्षांत त्या दम सोडतात, तुमच्या फुगलेल्या मी डोळ्यानं पाहिल्या. इथं एक गोष्ट समजून घ्या, हा बझर म्हणजे अलार्म नाहीच. तो फॉल्ट सांगून राहिला की बाबा माझी बॅटरी गेली, माझी वायर तुटली, मला पाहा. तुम्ही ज्या अकरा वेळा "फॉल्स अलार्म" मोजले त्यातले किती अलार्म आणि किती फॉल्ट हे रजिस्टरात लिहिलेलंच नाही. रजिस्टरात फक्त "वाजला, बंद केला" एवढंच. तारीख आहे, वेळ नाही, झोन नाही.

हे फक्त धुराच्याच यंत्राचं नाही बरं का. आमच्या बाजूच्या गावातल्या एका पतसंस्थेत चोराचा अलार्म बसवला होता, दर दोन दिवसांनी रात्री बोंब. अख्खं गाव काठ्या घेऊन जमा व्हायचं. शेवटी सापडलं काय तर पाल! तो हालचाल पाहणारा सेन्सर असते, माणसाच्या अंगाची ऊब हलतांना पाहते. आता पाल थंड रक्ताची, पण ती नेमकी त्या सेन्सरच्या काचेवरूनच फिरायची, एवढ्या जवळून त्याला ती हत्तीएवढी दिसत असेल. सेन्सर खांबापासून सुटा करून जागा बदलली, पाल बंद, बोंब बंद. अलार्म आजही चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल एवढं डोकं कोण लावते. साहेब, तुमच्यापैकी अर्धे संचालक शेतकरी आहेत, तुम्हाला मी झटका मशीनचं उदाहरण द्यायची गरज नाही पण देतो. रानडुकरासाठी वावराभोवती तार ओढतो, मशीन लावतो, तार तुटली किंवा जमिनीला टेकली की हूटर वाजते. श्रावणात गवत वाढून तारेला लागते, पाऊस पडते, आणि रात्री बारा वाजता हूटर. किती वेळा डुक्कर असते? दहात एकदा. तरी आपण मशीन बंद करून झोपतो का? चिखल तुडवत, बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती घेऊन जातो, तारेला लागलेलं गवत कापतो, परत मशीन चालू करतो, तेव्हा घरी येतो. का? तर चन्यात डुक्कर शिरलं तर वर्ष गेलं. हरभऱ्यासाठी जे करतो ते पोरींसाठी का नाही, एवढं मला कोणीतरी सांगा.

मॅडम, तुमच्यावर माझा राग नाही हे इथंच लिहून ठेवतो. रात्री तीन वाजता पन्नास-साठ पोरी अंगणात उभ्या करायच्या, त्यातल्या दोघींना ताप, एक रडून राहिली, आणि सकाळी पालकांचे फोन तुम्हालाच. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही स्वतः धावत वर गेल्या हे मला पोरीनं सांगितलं. आठव्या वेळी कोणी उठलंच नाही हेही तिनंच सांगितलं. ती म्हणे, "बाबा, आम्ही उशी कानावर घेतो." माझी झोप त्या दिवशी उडाली. आणि आमच्या पोरीही काही साध्या नाहीत, खोलीत चोरून पाणी तापवायचा रॉड आहे, एकीकडं मॅगी करायची कॉइल आहे, पिशव्या बांधणाऱ्यांत त्यासुद्धा होत्या. माझ्या पोरीला मी बोललो. पण रॉड काहून आहे? कारण सोलरचं गरम पाणी ऑगस्टपासून बंद आहे. एका सॉकेटवर रॉड, चार्जर, कॉइल, सगळं एका एक्स्टेंशनच्या पट्टीवर, आणि ती पट्टी गादीखालून नेलेली. वायरमन म्हणून सांगतो, आग लागायला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. आणि गादीचा फोम पेटला की ज्वाळेच्या आधी धूर येते, तो धूर झोपेतल्या माणसाला उठवत नाही, आणखी गाढ झोपवते. उठवायचं काम त्या वाटीचं होतं, तिच्या तोंडाला तुम्ही पिशवी बांधली.

भंडारा आपल्यापासून लांब नाही. ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, मध्यरात्रीनंतरची वेळ. १० बाळं गेली. ७ वाचवली. तेव्हा सगळीकडे फायर ऑडिट, फायर ऑडिट सुरू झालं, शाळा, वसतिगृहं, दवाखाने. तुमच्याकडचे डिटेक्टरसुद्धा त्याच हवेत मंजूर झाले असं तुमच्याच एका संचालकांनी मला सांगितलं. त्या आयांना आठवून मंजूर केलेली वस्तू ब्रेडच्या पिशवीत बांधून ठेवायची का?

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी सभेत निघालीच नाही. फॉल्स अलार्म झाले की पोरी बाहेर पळतात, पोरी रात्री बाहेर नको, म्हणून मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप लागलं. चावी चौकीदाराकडे, चौकीदार गेटवर, गेट इमारतीपासून शंभर पावलं. खिडक्यांना लोखंडी ग्रिल. म्हणजे भोंगा बंद, मागचं दार बंद, आणि पुढचा जिना मेसच्या बाजूनं, जिथं सिलेंडर आहेत. एका फालतू ठिकाणी बसवलेल्या डिटेक्टरपासून सुरू झालं ते इथपर्यंत आलं. पोरींच्या सुरक्षेचं कारण मला कळते, मी पण पोरीचाच बाप आहे. पण आतून उघडणारी कडी आणि दार उघडलं की घंटी, एवढ्यानं ते काम होते, कुलूप लागत नाही.

मागण्या साध्या आहेत आणि बहुतेक बिनपैशाच्या.

पिशव्या आणि टोप्या उद्याच्या उद्या काढा, हूटरची वायर जोडा. याला ठरावाची गरज नाही, याला स्टूल लागते. मागच्या दाराचं कुलूप त्याच दिवशी.

मेसमधला डिटेक्टर बदलून हीट डिटेक्टर बसवा आणि बाथरूमसमोरचा निदान दहा-बारा फूट सरकवा. पंख्याजवळचे दोन आहेत तेही पात्याच्या टोकापासून तीन फूट तरी लांब न्या. हे काम ठेकेदाराकडून फुकट करून घ्या, चूक त्याची आहे, बिल काढतांना कोणी जागा पाहिली नाही ही चूक तुमची.

सफाई वर्षातून निदान दोनदा, सोयाबीन झाल्यावर आणि तूर-चना झाल्यावर. बाहेरून व्हॅक्यूमनं ओढायचं, फुंकर मारायची नाही, फुंकरीनं धूळ आणखी आत जाते. डबी उघडायची असेल तर जाणकारानंच. दहा वर्षं झालेला डिटेक्टर बदलून टाका असं सांगतात, तुमचे नवीन आहेत, पण भिंतीवर तारीख लिहून ठेवा, नाहीतर आठवते कोणाला.

पॅनलच्या बॅटऱ्या बदला, आणि रजिस्टरात दर वेळी वेळ, झोन, खोली, काय शिजत होतं, धुई होती का, लाइन गेली होती का, सगळं लिहा. दोन महिन्यांचं असं रजिस्टर मला दाखवा, कोणता डिटेक्टर काहून वाजते ते मी बसल्या जागी सांगतो. पॅनलमध्ये अलार्म पक्का करायची सोय असेल, म्हणजे एकदा दिसलं की स्वतःच रिसेट करून परत पाहते आणि परत दिसलं तरच भोंगा, तर ती ठेकेदाराकडून चालू करून घ्या. धुई आणि वाफेचे काही अलार्म तिथंच गळतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मध्ये आहे की ही सगळी यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, फॉर्म बी म्हणतात त्याला, दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. जुलैचं मला दाखवा. पिशव्या बांधलेल्या असतांना ते कोणी सही करून दिलं असेल तर त्याचं नावही आम्हाला पाहायचं आहे. जानेवारीचं आलं की नोटीस बोर्डावर लावा, मेसच्या मेनूच्या बाजूला, तिथं सगळे पाहतात.

सोलर दुरुस्त करा, मग रॉड जप्त करा. या क्रमानं. उलट्या क्रमानं केलं तर पोरी दुसरा रॉड आणतील.

आणि महिन्यातून एकदा, दिवसा, सांगून सवरून भोंगा वाजवा आणि पोरींना दोन्ही जिन्यांनी खाली आणा. खऱ्या भोंग्याची आणि बझरची ओळख त्यांना करून द्या. कानावरची उशी काढायला त्यांना थोडे दिवस लागतील.

येत्या रविवारी मी सकाळी अकराला येतो. शिडी, टेस्टर आणि व्हॅक्यूम दुकानातून आणतो, मजुरी नको. बॅटऱ्यांचे पैसे मंजूर झाले तर ठीक, नाही झाले तर आम्ही सहा-सात पालक मिळून भरू, पावती मात्र संस्थेच्या नावानं घेऊ. गेटवर चौकीदार भाऊंना सांगून ठेवा, मागच्या वेळी त्यांनी पाऊण तास बसवलं होतं. आणि मागच्या जिन्याची चावी तेवढी कोणाकडे आहे ते पाहून ठेवा, सभेच्या दिवशी ती कोणालाच सापडत नव्हती.

आपला,
वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतल्या पोरीचा बाप